बाक, माणसांसहित

टेपकाकांना उद्यानात एक बाक बसवायचा होता. मुलीने फोनवर विचारलं, "किती दिवस लागतील?" तेव्हा ते म्हणाले, "आठवडा." ज्या माणसाने चौतीस वर्षं रस्त्यांच्या खात्यात खड्ड्यांची मापं घेतली, त्याने सरकारी कामाला आठवडा म्हणावं, यावरून बायको गेल्यावर माणसाचं डोकं किती दिवस ठिकाणावर नसतं ते कळतं.

उद्यान साधंसुधं नव्हतं. तिथे तळं होतं, हरणं होती, पक्षी होते आणि त्यांच्या मधेमधे कला होती. झाडाला टांगलेले शंभर चमचे, दगडाचा एक भलामोठा कान आणि सायकलींच्या भंगारातून केलेला लोखंडी हत्ती. हत्तीच्या पोटात कावळ्यांनी घरटं केलं होतं. ते घरटं कलेत धरायचं की प्राण्यांत, यावर दोन वर्षं फाइल फिरली. शेवटी कार्यालयाने दोन खिडक्या केल्या. हलतं ते खिडकी एक, हलत नाही ते खिडकी दोन. तरी घोळ व्हायचाच. तळ्याकाठी एक बगळा इतका स्तब्ध उभा राहायचा, की कलेच्या लोकांनी एकदा त्याच्या पायाशी पाटी लावली होती. पाटी वाचून तो उडाला.

फाटकापासून तळ्याच्या वळणापर्यंत सहाशे चाळीस मीटर. नेमक्या त्या वळणावर काकूंचा दम संपायचा. शेवटची दोन वर्षं तर रोजच. तिथे बसायला काही नव्हतं. काकू हत्तीच्या सोंडेला धरून उभ्या राहायच्या आणि रखवालदार लांबून शिट्टी मारायचा, कारण सोंड ही कला होती. आता काकू नव्हत्या. दमलेली माणसं मात्र रोज त्या वळणावर येत होती, इकडेतिकडे बघत होती आणि शिट्टी खात होती. टेपकाकांनी ठरवलं, इथे बाक आला पाहिजे. मग आपणही त्यावर रोज जरा टेकू.

ते खिडकीवर गेले. खिडक्या दोन होत्या, पण कारकून एकच होता. तो खुर्ची सरकवत इकडून तिकडे जायचा.

"बाक द्यायचाय. माझ्या खर्चाने."

"बंद आहेत."

"काय बंद आहेत?"

"बाक. तीन वर्षं झाली. बाक आला की माणूस बसतो. बसला की खातो. खाल्लं की कागद टाकतो. कागद हरीण खातं."

सरकारी युक्तिवादात हीच अडचण असते. एकेक पायरी पटत जाते आणि शेवटी आपण रस्त्यावर असतो. टेपकाका म्हणाले, "मग दमलेल्या माणसाने करायचं काय?"

"घरी बसायचं," कारकून म्हणाला. मग त्याला काकांच्या चेहऱ्याची दया आली असावी. तो खुर्चीसकट दुसऱ्या खिडकीत गेला आणि तिथून हळूच म्हणाला, "कलाकृती देताय का? त्या चालू आहेत."

"पण तो बाकच असणार."

"असू दे ना. तो हत्ती तरी कुठे हत्ती आहे?"

अर्ज घेऊन काका घरी आले. अर्ज आणला ही बातमी जिन्यातूनच शेजारच्या मास्तरांकडे गेली. मास्तरांनी एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली होती, म्हणजे तीच एक फुलदाणी एकतीस वर्षं टेबलावर ठेवली होती. ते चहाचा कप हातात घेऊनच आले.

"हे बघा, कलेत समजावून सांगायचं नसतं. जितकं कमी लिहाल तितकं खोल जातं."

हा सल्ला काकांना मानवला. जन्मभर त्यांनी नोंदवहीत 'लांबी, रुंदी, खोली' याच्या पलीकडे काही लिहिलं नव्हतं. त्यांनी अर्ज भरला.

कलाकृतीचे नाव: बाक.
माध्यम: लाकूड.
आशय: बसणे.
प्रेरणा: गुडघे.
कलाकृती प्रेक्षकाला कोणता प्रश्न विचारते: बसता का?

मास्तरांनी अर्ज वाचला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "फार धाडस आहे हो तुमच्यात. दिसत नाही वरून."

बाक सुताराकडून करून घेतला. काकू घरातल्या ज्या खुर्चीवरून कुरकुर न करता उठायच्या, तिची उंची काकांनी टेपने मोजून नेली होती.

"साडेसतरा इंच," ते म्हणाले.

"काका, बाक अठरा इंचांचा असतो."

"साडेसतरा."

"अर्ध्या इंचाने काय होतं?"

"गुडघा असला की कळतं."

सुताराने कपाळाला हात लावला, पण करून दिला. "हात उजवीकडे एकच ठेवायचा? डावीकडे काय, उसनं मागायचं?" असंही त्याने विचारलं. काकू उजव्या हाताने रेटा देऊन उठायच्या, हे सुताराला सांगून त्याचा रंधा काही धारदार होणार नव्हता.

चार दिवसांनी उद्यानाच्या कलाविभागाच्या बाईंनी बोलावलं. सगळे त्यांना कलाबाई म्हणत. चष्मा एवढा मोठा, की त्यात समोरचा माणूस पूर्ण मावायचा. टेबलावर काकांचा अर्ज आणि बाकाचा फोटो होता.

"गुडघे!" कलाबाई म्हणाल्या. "हा शब्द वाचून आमच्या समितीतले एक सदस्य दहा मिनिटं बोलले नाहीत."

"बरं नव्हतं का त्यांना?"

"आणि हा एकच हात. डावीकडे ही जी पोकळी तुम्ही ठेवली आहे, ती मला झोपू देत नाही."

"डाव्या हातात पिशवी असायची हो तिच्या."

कलाबाईंनी वहीत 'पिशवी' असं लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. बाक एकमताने मंजूर झाला. टेपकाका कलावंत झाले. हे त्यांनी मुलीला फोनवर सांगितलं, तेव्हा ती आधी अर्धं मिनिट हसली आणि मग म्हणाली, "बाबा, आईला सांगायला हवं होतं हे." मग काकांनी हवापाण्याची चौकशी केली.

बाक वळणावर बसवला, त्या दिवशी काका इस्त्रीचा सदरा घालून गेले. बाक सुंदर दिसत होता. त्यांनी पाठ वळवली, गुडघे वाकवले आणि बूड बाकापासून चार इंचांवर असताना शिट्टी वाजली.

"ओ काका! कलाकृतीवर बसायचं नाही!"

"अहो, बाक आहे हा."

"पाटी वाचा."

पाटी होती. 'बाक. लाकूड. कृपया बसू नये.' सभोवती जाड दोर होता, जो काकांनी उत्साहाच्या भरात ओलांडला होता. चार इंचांवर अधांतरी थांबलेल्या साठीपुढच्या माणसाला परत सरळ होणं किती अवघड असतं, हे बघायला त्या वेळी तिथे दोन शाळांच्या सहली हजर होत्या. त्यांच्या बाईंनी मुलांना सांगितलं, "बघा, हे चालू प्रदर्शन आहे." मुलांनी टाळ्या वाजवल्या.

काका तडक कलाबाईंकडे गेले. "तो बसण्यासाठी केलाय!"

"तेच तर," कलाबाई हळुवारपणे म्हणाल्या. "बसलं की प्रश्नाचं उत्तर मिळालं. मग प्रश्न कुठे उरला?"

काकांचा स्वाभिमान दुखावला. स्वतः मापं देऊन केलेल्या बाकावर बसायची चोरी! मास्तर म्हणाले, "आता सहन करा. कलावंताला त्याच्या हयातीत कोणी बसू देत नाही."

काकांनी सहन करायचं नाही असं ठरवलं. रखवालदार सात वाजता यायचा. कुंपणाची एक जाळी मागच्या बाजूने सुटली होती. ती किती सेंटिमीटर सुटली आहे हे काकांनी तीन वर्षांपूर्वीच मोजून कळवलं होतं आणि अर्थातच कोणी काही केलं नव्हतं. खात्याच्या आळसाचा फायदा त्यांना आयुष्यात पहिल्यांदा झाला. सहा वाजता, उजाडता उजाडता ते आत शिरले, डोक्यावर कानटोपी, अंगात स्वेटर, आणि वळणावर जाऊन बाकावर बसले.

साडेसतरा इंच बरोबर होतं. समोर तळं होतं. वीस मिनिटं ते बसले आणि काकूंशी थोडं बोलले. सुतार कसा अडला, कलाबाई कशा दिसतात, मास्तर कसे कप घेऊन येतात आणि कप आपल्याकडेच विसरतात. बोलून होतं न होतं तोच त्यांना बाकाच्या डाव्या टोकाला काहीतरी दिसलं. काळं, चिकट आणि माशांच्या घमघमाटाचं. ती घाण होती हे सांगायला कलासमितीची गरज नव्हती. दुसरा कोणी असता तर नाक धरून निघून गेला असता. काकांनी खिशातून टेप काढली आणि माप घेतलं. चार इंच बाय दीड.

दहा वाजता ते खिडकीवर हजर. "माझ्या बाकावर कोणीतरी घाण केली आहे. माप सोबत जोडलंय."

कारकुनाने कागद उलटसुलट केला. "घाण हलते का?"

"नाही."

"मग खिडकी दोन."

"पण ज्याने केली तो हलत असणार ना!"

कारकून विचारात पडला. असा मुद्दा त्याच्या नोकरीत कधी आला नव्हता. तो खुर्चीसकट मधोमध थांबला आणि त्याने प्राणीविभागाच्या साहेबांना हाक मारली.

प्राणीसाहेब वळणावर आले, बाकाशी वाकले आणि तसेच गुडघ्यांवर बसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"खवले! काटे! काका, हे पाणमांजर आहे! अकरा वर्षांनी परत आलंय! ही मांजरं विष्ठेसाठी ठरावीक उंच जागाच निवडतात. वास घ्या, वास घ्या एकदा!"

"नको, मी माप घेतलंय."

दुपारपर्यंत दोराबाहेर जाळीचं कुंपण आलं. पाटी आली, 'पाणमांजराचे शौचस्थान. शांतता राखा.' आता तो बाक कलाही होता आणि वन्यजीवनही होता. फक्त बाक नव्हता. ज्या पाणमांजराने अर्ज केला नाही, आशय लिहिला नाही, त्याला तिथे बसायची मुभा होती, तीसुद्धा तशा कामासाठी. काकांना हे फार लागलं.

पण त्यांनी सकाळची फेरी सोडली नाही. जाळीचं कुंपण खालून नीट खोचलं नव्हतं, हेही त्यांच्या लगेच लक्षात आलं. पाणमांजर पाच वाजता येऊन जायचं आणि काका सहाला. डावं टोक त्याचं, उजवं यांचं. दोघांची एकमेकांविषयी काही तक्रार नव्हती. साहेबांनी समोरच्या झाडावर कॅमेरा बांधून ठेवला होता, हे मात्र दोघांनाही माहीत नव्हतं.

आठ दिवसांनी स्थानिक वर्तमानपत्रात पहिल्या पानावर ठळक मथळा आला. 'उद्यानात अस्वल?' खाली फोटो. धुकं, अर्धवट उजेड आणि बाकावर काहीतरी मोठं, गोल, डोक्याशी केसाळ. बातमीत म्हटलं होतं, 'हा प्राणी मागील दोन पायांवर चालतो, रोज ठरलेल्या वेळी येतो, बाकावर बसून तोंडाची हालचाल करत मंद आवाज काढतो आणि जाताना बाकावरून हात फिरवतो. जोडीदाराला साद घालत असावा, असा तज्ज्ञांचा कयास आहे.'

सकाळी सकाळी मास्तर वर्तमानपत्र घेऊन आले. या वेळी कप नव्हता.

"ही कानटोपी वहिनींनी विणलेली ना?" ते म्हणाले.

मास्तर दारातच थोडा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "फोटो चांगला आलाय तसा."

तोवर शहरात धमाल उडाली होती. अस्वल बघायला फाटकावर रांग लागली. एका बाईंनी अस्वल स्वतः पाहिलं, त्याने आपल्याकडे बघून मान डोलावली, असं सांगितलं. फुगेवाल्याने अस्वलाच्या आकाराचे फुगे आणले. उद्यानाने लोखंडी हत्तीभोवती सावधगिरीची पट्टी बांधली, का ते कोणालाच कळलं नाही. शेवटी काकांना हे सोसेना. ते कानटोपी हातात घेऊन खिडकीवर गेले आणि म्हणाले, "ते अस्वल मी आहे."

कारकुनाने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हलणारे, खिडकी एक," तो म्हणाला आणि उठून साहेबांना बोलवायला गेला.

बैठक भरली. काकांवर तीन ठपके होते. वेळेआधी प्रवेश, कलाकृतीवर बसणे आणि अस्वल असल्याचा समज पसरवणे. तिसऱ्याला नियम सापडत नव्हता, तो कारकून शोधत होता. कलाबाई आणि प्राणीसाहेब मात्र काकांना विसरून एकमेकांवरच तुटून पडले.

"तुमच्या मांजराने माझी कलाकृती विटाळली!"

"तुमची कलाकृती त्याला बाकी कशासाठी उपयोगी पडली असती?"

"तो बाक रिकामा असण्यातच त्याचा अर्थ आहे!"

"तो पाणमांजराचा हक्काचा ठिय्या आहे! तिथे माणूस नकोच!"

"निदान यावर तरी आपलं एकमत आहे," कलाबाई म्हणाल्या आणि दोघंही समाधानाने मागे टेकले. दोघांच्याही खुर्च्यांना गाद्या होत्या.

काका उभे राहिले. त्यांना भाषण येत नव्हतं.

"मला माप सांगता येतं, तेवढंच सांगतो," ते म्हणाले. "त्या वळणापासून पुढचा बाक एकशे चाळीस मीटरवर आहे. मला ते पाठ होतं. ती थांबली की मी म्हणायचो, चल, एकशे चाळीसच राहिले. रोज म्हणायचो. आणि ती चालायची. शेवटी डॉक्टर म्हणाले की तिचे पाय नाही, काळीजच थकलं होतं. मला वाटत होतं, मी तिला धीर देतोय. मी तिला आकडा देत होतो. तिला टेकायला जागा हवी होती. आता ती जागा मला कोणासाठी तरी करायची आहे. त्यावर कोणी बसणार नसेल, तर तुमची कला तुम्हाला राहू द्या, बाक मी परत नेतो."

कलाबाईंनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्या एकदम साध्या, कोणाच्याही मावशीसारख्या दिसल्या. प्राणीसाहेब खिडकीतून बाहेर, जिथे काहीच हलत नव्हतं, तिथे बघत राहिले.

तेवढ्यात कारकुनाने नियमांच्या पुस्तकातून डोकं वर काढलं. "अस्वलाचं काही सापडत नाही," तो म्हणाला. "पण नियम बावीस सापडला. उद्घाटन होईपर्यंत कलावंत आपल्या कलाकृतीत भर घालू शकतो. उद्घाटन रविवारी आहे."

"कसली भर?" कलाबाईंनी विचारलं.

"कसलीही. तो भंगारवाला हत्ती आधी घोडा होता."

त्याने भरीचा अर्ज काकांपुढे सरकवला आणि स्वतःचं पेन दिलं. काकांनी लिहिलं, 'भर: माणसे. नग: दोन.' कलाबाई चष्मा लावून पुढे वाकल्या. "बाक, माणसांसहित," त्या पुटपुटल्या. "म्हणजे प्रश्नही आहे आणि उत्तरही तिथेच बसलंय. हे मला का नाही सुचलं?"

"आणि माझं मांजर?" साहेब म्हणाले.

"ते पहाटे पाचला येतं," काका म्हणाले. "माणसं दुपारी चार ते साडेसहा. टोक रोज मी धुऊन काढीन आणि धुण्याआधी माप घेऊन तुम्हाला कळवीन."

"रोज? लांबी-रुंदीसकट?"

"वजन हवं असेल तर काटा आणावा लागेल."

साहेबांनी उठून त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. चौतीस वर्षं काकांनी खड्ड्यांची मापं दिली होती, ती कधी कोणी वाचली नव्हती. इथे एक मनुष्य मापाच्या नुसत्या कल्पनेने गहिवरला होता.

कारकून अर्ज तपासत होता. "नग दोन लिहिलंय. नग एक कोण?"

"मी."

"नग दोन?"

काकांचं पेन कागदावर टेकलं आणि तिथेच थांबलं. शाईचा एक ठिपका उमटला. ठिपका मोठा व्हायला लागला, तसा कारकून हळूच म्हणाला, "रकाना रिकामा चालत नाही हो काका."

काकांनी लिहिलं, 'बदलती.'

रविवारी उद्घाटन झालं. दोर आणि जाळी निघाली, फीत कापली, भाषणं झाली, मास्तरांनी सगळ्यांना सांगितलं की मार्गदर्शन त्यांचं होतं. अस्वल बघायला आलेले लोक थोडे निराश झाले, पण काकांना बघून गेले. पाच वाजता गर्दी पांगली. काका नियमाप्रमाणे उजव्या टोकाला बसले होते. शेजारची जागा रिकामी होती.

वळणावरून दवाखान्याच्या गणवेशातली एक परिचारिका आली. तिचं एक पाऊल नीट पडत नव्हतं. ती थांबली, कंबरेवर हात ठेवले आणि इकडेतिकडे बघितलं. मग बाकाकडे बघितलं, मग लांबवर उभ्या असलेल्या रखवालदाराकडे. रखवालदाराचा हात सवयीने शिट्टीकडे गेला आणि तिथेच राहिला.

"या, बसा," काका म्हणाले.

"पण पाटी आहे ना."

"नवीन आहे. वाचा."

तिने वाचली. 'बाक, माणसांसहित. लाकूड आणि माणसे. एक कायम, एक बदलती.' तिने काकांकडे पाहिलं.

"म्हणजे तुम्ही?"

"मी कायम."

"आणि मी?"

"बदलती. पण घाई नाही. दम परत येईपर्यंत तुम्हीच."

ती एकदम एवढ्या मोठ्याने हसली, की तळ्यावरचा बगळा उडाला. धपकन बसली, बूट काढले आणि फोन लावला.

"अहो, मला यायला उशीर होईल," ती फोनवर म्हणाली. "नाही, ड्यूटी संपली. नाही, गाडीही बिघडली नाही. मी कलाकृतीत आहे. हो, हो, कलाकृतीत. इथे एक काका आहेत, ते कायमचे आहेत. तुम्ही कुकर लावा." मग फोनवर हात ठेवून तिने काकांना विचारलं, "किती वेळ म्हणून सांगू?"

"साडेसहापर्यंत सांगा," काका म्हणाले आणि तिला पाय लांब करता यावेत म्हणून जरा सरकून बसले.